बिनकवाडाच्या घराची पन्हळ

शनिजयंतीच्या दिवशी भर दुपारी आभाळ फाटलं. वैशाख अजून सरला नव्हता, कुरडया अजून पुरत्या वाळल्या नव्हत्या. अवकाळी म्हणतात तो हाच, पण अवकाळीला तरी काही रीत असावी की नाही? तासाभरात शिंगणापूरच्या शिवारातल्या वाटांचे ओढे झाले. दर्शनाला आलेली माणसं दिसेल त्या छपराखाली घुसली, आणि गहिनीनाथाच्या ओसरीवर बघता बघता दहा-बारा पाहुणे जमले. सगळे ओलेचिंब, सगळ्यांना चहा हवा.

आता गहिनीनाथाला पाहुणे म्हणजे पर्वणीच. या माणसाला दोनच वेडं, पहाटे देवाला तेल वाहायचं आणि दिवसभर परक्या माणसाला आपलं घर दाखवायचं. घर ते केवढं? पुढं तीन खोल्यांचा स्लॅब, मागं पत्र्याची एक खोली. पण अख्ख्या घराला कवाड नाही. चौकट आहे, चौकटीला पडदा आहे, कुत्रं शिरू नये म्हणून रात्री एक फळी आडवी लावतात, संपलं. कडी नाही, कोयंडा नाही, आणि कुलूप तर औषधालाही सापडायचं नाही. गावची रीतच तशी. देव राखतो म्हटल्यावर माणसानं कशाला राखायचं?

"सोनंसुद्धा उघडं असतं आमचं," गहिनीनाथ पाहुण्यांना सांगत होता. "सुनंचे दागिने फडताळात साध्या डब्यात. माझ्या आईची बोरमाळ देव्हाऱ्यात, खुंटीला. कुनी हात लावीत न्हाई. लावील तो आंधळा हुईल!"

आत चुलीपाशी त्याच्या बायकोच्या, विजयमालेच्या हातातला साखरेचा चमचा खाली पडला. फडताळातला तो डबा रिकामा होता, आणि तो रिकामा आहे हे सगळ्या घरात फक्त तिला ठाऊक होतं.

झालं होतं असं. तिची सून आरती राहुरीची, कडीकुलपाच्या घरातली. लग्न होऊन आली त्याच दिवशी तिनं बिचारीनं विचारलं, "आई, हे ठेवायला कपाट कुठाय कुलपाचं?" विजयमाला हसली. नुसती हसली नाही, गल्लीभर सांगत सुटली, की आमची सून कुलूप मागती म्हणून! गंठण, पाटल्या, झुबे, आरतीच्या बापानं पोटाला चिमटा घेऊन केलेलं सगळं तिनं स्वतः त्या स्टीलच्या डब्यात ठेवलं आणि डबा फडताळात मांडला, लोणच्याच्या बरणीशेजारी. दोन वर्षं तो तिथंच होता.

मग या जयंतीची गर्दी लोटली. तीन दिवस आधीपासूनच मोकळ्या रानात गाड्या लागायला लागल्या. एक माणूस पाणी मागायला आत आला, पाणी प्याला, आणि जाताना फडताळाकडं बघून गेला. नुसतं बघितलं हो त्यानं. पण तीस वर्षांत कधी आलं नव्हतं ते भय विजयमालेच्या पोटात आलं आणि मुक्कामाला राहिलं. कुणाला सांगणार? कुरडया वाळत घालायच्या निमित्तानं ती शिडीनं स्लॅबवर चढली आणि सगळं सोनं एका फडक्यात बांधून पन्हळीत सोडून आली.

पन्हळ म्हणजे स्लॅबच्या मागच्या कोपऱ्यातला पाण्याचा पाईप. वरून हातभर सरळ खाली जातो, मग वळण घेतो आणि भिंतीबाहेरून जमिनीला टेकतो. सुतळीचं एक टोक गाठोड्याला, दुसरं कठड्याच्या खिळ्याला. वैशाखात कोरड्या पन्हळीत कोण डोकावतंय? आणि बाई हुशार! पाणी आलंच चुकून, तर बाजूनं निघून जावं म्हणून गाठोडं तिनं मुठीएवढंच बांधलं होतं.

पण आता पाऊस धो-धो कोसळत होता आणि पन्हळीतून थेंब येत नव्हता.

हे पहिल्यांदा ध्यानात आलं अंगदच्या, तिच्या मुलाच्या. तो डोक्यावर पोतं घेऊन मागं गेला आणि पळत परत आला. "आई, वरचं पानी उतरंनाच. पन्हळ तुंबली."

"पाला असंल," विजयमाला पटकन म्हणाली. "कडुनिंबाचा. जाईल आपसूक."

मग ओसरीवर जो तो शहाणा झाला. पन्हळ दुसऱ्याची असली की प्रत्येकाला तिच्यातलं कळतं. एक म्हणाला, कबुतरानं घरटं केलं असणार, आमच्याकडं दरसाल करतात. दुसरा म्हणाला, पिंपळाचं रोप उगवलं असेल, त्याची मुळं पाईप धरून बसतात. कुणी म्हणालं पोरांचा चेंडू, कुणी म्हणालं उडत आलेली प्लास्टिकची पिशवी, कुणी म्हणालं गवंड्यानंच सिमेंटचा गोळा आत ठेवला असणार, गवंड्याचा भरवसा नसतो. सगळी कारणं निघाली. खरं तेवढं कुणाच्या तोंडून निघालं नाही.

"मी वर चढून बघतो," अंगद म्हणाला.

"नगं!" विजयमाला ओरडली. आणि त्याच क्षणी ओसरीवरून गहिनीनाथही ओरडला, "काय गरज न्हाई!"

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. गहिनीनाथ घसा खाकरून म्हणाला, "विजा कडाडत्यात. पडलाबिडला म्हंजे? देव बघून घील."

नवरा नेहमीसारखा हट्टाला पेटलाय एवढंच विजयमालेला वाटलं, आणि तो हट्ट तिच्या पथ्यावर पडला. पाऊस थांबू दे. थांबला की मीच जाते, गाठोडं काढते, डब्यात ठेवते, कुणाच्या बापाला कळत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

कारण कळलं असतं तर? या घरात काय झालं असतं ते तिनं एकदा बघितलं होतं. तीन वर्षांपूर्वी शेजारच्या घरी, सख्ख्या दिराच्या, गोरक्षनाथाच्या घरी, एक दारू प्यालेला परका माणूस आत येऊन झोपला होता. गोरक्षनाथाची बायको पुष्पावती एकटी होती. झालं काहीच नाही, पण त्या दिवसापासून तिच्या डोळ्याला डोळा लागेना. शेवटी गोरक्षनाथानं कवाड बसवलं, आतून कडीचं. गहिनीनाथ चार माणसांत त्याला म्हणाला, "तुझा देवावर भरवसा न्हाई. ज्या घराला कवाड, त्या घराला माझा पाय लागनार न्हाई." मधे दहा पावलांचं अंगण, पण तीन वर्षं भाऊ भावाशी बोलला नव्हता. आणि आता त्याच माणसाच्या बायकोनं पन्हळीत सोनं दडवलं होतं! कवाड तरी बरं, ते चारचौघांत असतं.

"काका, ते दागिने बघायला मिळतील का? उघडे ठेवलेले?" पाहुण्यांतली एक बाई म्हणाली. तिच्या हातात मोबाईल तयारच होता.

"का न्हाई? अगं, आन की जरा तो डबा!"

विजयमालेच्या तोंडचं पाणी पळालं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ती पडद्याआडूनच म्हणाली, "मागच्या खोलीत नेलाय आरतीनं. लेकरू झोपलंय तिचं. उठंल." खोटं इतकं सरळ निघालं की तिलाच शरम वाटली.

तेवढ्यात वीज गेली. गावाची नाही, त्यांच्याच घराची. मीटरच्या पाटीवर चर्रर्र आवाज झाला आणि जळक्या वायरीचा वास सुटला. स्लॅबमधून पाणी झिरपत भिंतीवर उतरलं होतं. अंगदनं धावत जाऊन खटका पाडला. आता त्याचं डोकं फिरलं. "देव बघून घील काय? घर जळलं असतं आत्ता! मी खालनं पाईप फोडतो." त्यानं कोपऱ्यातली पहार उचलली.

पाईप वळणावर फुटला की वरचं सगळं पाणी एका लोंढ्यानं सुटणार. त्या लोंढ्यापुढं सुतळी काय टिकते? आरतीच्या बापाचे सगळे कष्ट शेजारच्या उसात वाहून जाणार. विजयमाला मुलाच्या आडवी गेली. तिनं पहार दोन्ही हातांनी धरली.

"पाईप फोडायचा न्हाई!"

"अगं पन का?"

"न्हाई म्हंजे न्हाई!"

"ती म्हनती ते बरूबर हाय," गहिनीनाथ म्हणाला. एरवी बायकोचं एक बरोबर नसतं या माणसाला. त्याचा आवाजही चढला होता. "नवा पाईप हाय. ठेव ती पहार."

"आईऽ!" मागच्या खोलीतून आरतीनं हाक मारली. "इकडं भिंतीतून पाणी यायला लागलंय. वरून कसला तरी आवाज येतोय."

विजयमाला चौकटीतून डोकावली. पत्र्याच्या खोलीत साडीची झोळी टांगलेली, झोळीत तीन महिन्यांची नात गाढ झोपलेली, आणि ओसरीवर परकी माणसं म्हणून आरती तिला घेऊन आतच बसलेली. स्लॅबचा मागचा कठडा बरोबर या पत्र्याच्या वर येतो. भिंतीवर माती घेऊन लाल पाणी उतरत होतं. आता सांगावं, विजयमालेच्या मनात आलं. आत्ता सांगावं. तिनं तोंड उघडलं आणि म्हणाली, "थांब जरा. कमी होतोय पाऊस."

कमी काही होत नव्हता. पुढं आयुष्यभर हे एक वाक्य तिला घास गिळू देणार नव्हतं.

मग बाहेरून हाक आली. पावसाच्या आवाजातही ती हाक साऱ्यांनी ऐकली. तीन वर्षांत या घराच्या दिशेनं तो आवाज आला नव्हता.

"दादाऽ! ए दादा! मागचा कठडा फुगलाय तुझा! लेकराला भाईर काढ! लेकराला काढ आधी!"

गोरक्षनाथ आपल्या स्लॅबवर उभा राहून दोन्ही हात हलवत होता. भावाचा स्लॅब त्याला वरून हौदासारखा दिसत होता, आणि वीट-मातीतला तो जुना कठडा पाण्याच्या भारानं बाहेर कलला होता.

विजयमालेनं झोळीतून पोरगी उचलली. कशी उचलली, आरतीला दंडाला धरून कशी ओढली, तिचं तिलाच कळलं नाही. दोघी ओसरीवर येतायत तोवर मागं धाडधाड आवाज झाला. कठड्याच्या वरच्या दोन थरांतल्या विटा सुटून पत्र्यावर आल्या होत्या. एक पत्रा मुडपला, आणि त्या फटीतून तीन विटा आत पडल्या. झोळी आडवी फाटली. खाली ओल्या जमिनीवर विटा आणि साडीची चिंधी पडलेली होती.

आरतीनं पोरीला सासूच्या हातातून घेतलं आणि छातीशी धरलं.

विजयमाला वळली, भिंतीची शिडी ओढली आणि चढायला लागली. पदर वाऱ्यानं तोंडावर येत होता, पायाखालची पायरी निसटत होती. अंगद "आई, आई" करत शिडी धरून उभा राहिला. आता सोनं गेलं खड्ड्यात, इज्जत गेली चुलीत. उरलेला कठडा कोसळायच्या आत पाणी उतरायला हवं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

वर पोटरीभर पाणी होतं, कोपऱ्यात गुडघाभर. कुरडयांचा कागद तरंगत होता. तिनं खिळा चाचपला, सुतळी सापडली. पाण्यात बसून तिनं ओढलं. गाठोडं सर्रकन वर आलं, तिनं ते कमरेला खोचलं आणि श्वास रोखून पाण्याकडं बघत बसली.

पाणी हललं नाही.

तिला खरंच वाटेना. तिनं हात आत घातला, कोपरापर्यंत, दंडापर्यंत. पाला हाताला आला, तो उपसला, पुन्हा हात घातला. अजून खाली काहीतरी मऊ होतं, पण बोटं पोचत नव्हती. "शनिदेवा, चुकले रे," ती मोठ्यानं रडायला लागली. "माझी चूक पोरीवर नगं काढू!" खाली कठड्याची आणखी एक वीट सुटून पत्र्यावर वाजली.

"सरा वैनी."

गोरक्षनाथ त्याच शिडीनं वर आला होता. उंच, काटक, भावासारखेच लांब हात. त्यानं खिळ्याची सुतळी बघितली, तिच्या कमरेचं ओलं गाठोडं बघितलं. पाण्यात आडवा झाला आणि खांद्यापर्यंत हात पन्हळीत घातला. त्याची हनुवटी पाण्याला टेकली होती.

"हाय कायतरी. वळनावर अडाकलंय. घट दाबून बसवलंय कुनीतरी."

त्यानं दात आवळून हिसका दिला. पन्हळीच्या पोटातून गडगड आवाज आला, पाण्याला भोवरा पडला, आणि गोरक्षनाथाच्या मुठीत एक लांबट पुडकं वर आलं. केशरी काठाच्या उपरण्याचा तुकडा, दोन्ही टोकांना गाठी. एक गाठ हिसक्यानं सुटली होती आणि तिच्यातून बोरमाळ लोंबत होती.

विजयमाला बघतच राहिली. सासूबाईंची बोरमाळ. देव्हाऱ्यातल्या खुंटीला टांगलेली. आणि तिला लख्ख आठवलं, गेले चार दिवस देवपूजा हा माणूस स्वतः करत होता. खुंटीवर झेंडूच्या भरगच्च माळा चढवत होता. तिला देव्हाऱ्यापाशी येऊ देत नव्हता, म्हणे जयंतीचं सोवळं! तिच्या एक दिवस आधीच येऊन त्यानं ही पन्हळ गाठली होती, आणि नंतर तिनं वरून आपलं गाठोडं सोडलं होतं. एका पन्हळीत नवरा-बायको दोघांचा विश्वास मावला नव्हता.

तिनं मान वळवली. शिडीच्या टोकाला गहिनीनाथाचं डोकं आलं होतं. पावसानं टोपी डोक्याला चिकटली होती. त्यानं भावाच्या हातातली माळ बघितली, बायकोच्या कमरेचं गाठोडं बघितलं. पुढची पायरी त्याला चढवेना आणि खालीही उतरवेना. तीन वर्षं भावाला जे जे म्हणाला होता ते सगळं त्याच्या तोंडावर दिसत होतं.

आता बोलायची पाळी गोरक्षनाथाची होती. आणि काय बोलायचं ते बोलायचा त्याला हक्क होता. खाली अंगणात पाहुणे माना वर करून उभे होते. ती मोबाईलवाली बाई सगळ्यांच्या पुढं होती.

"आण्णाऽ," खालून अंगदनं चुलत्याला ओरडून विचारलं, "काय हुतं पन्हळीत?"

गोरक्षनाथानं माळ उपरण्यात गुंडाळली. भावाकडं बघितलं नाही. कठड्यावरून वाकून, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "पाला! नुसता कडुनिंबाचा पाला हुता रं! अन् कबुतराचं घरटं!"

मग शिडीपाशी येऊन त्यानं ते पुडकं गहिनीनाथाच्या सदऱ्याच्या खिशात सारलं आणि शिडी मोकळी व्हायची वाट बघत उभा राहिला.

पाणी पंधरा मिनिटांत उतरलं. पाऊस मात्र सावकाश, आपल्या सवडीनं थांबला. पाहुणे चिखल तुडवत पांगले. जाताना एक जण म्हणालाच, "बघा, मी म्हणत नव्हतो? घरटंच होतं."

विजयमालेनं गाठोडं आरतीच्या मांडीवर ठेवलं. खोटं बोलायला आता तिच्यात बळ नव्हतं. "मीच ठेवलं हुतं पन्हळीत. भ्याले मी. तुला हसले हुते, अन् मीच भ्याले. त्यापायी पोरगी..." फाटलेल्या झोळीकडं बघत आरती म्हणाली, "आई, सोनं गेलं असतं तर बाबांनी पुन्हा केलं असतं." एवढंच. विजयमालेला ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

गहिनीनाथ संध्याकाळपर्यंत ओसरीवर बसून होता. देव्हाऱ्यात गेला नाही, बोरमाळ खुंटीला लावली नाही, चहाला नको म्हणाला. दिवे लागले तसा उठला आणि अनवाणीच अंगणात उतरला. विजयमाला पडद्याशी उभी राहिली. दहा पावलं चालायला त्याला फार वेळ लागला.

गोरक्षनाथाच्या दारापुढं तो थांबला. लाकडी कवाड, हिरवा रंग दिलेलं, बंद. या माणसानं जन्मात कधी कुणाचं दार वाजवलं नव्हतं. या गावात वाजवायला दार असतं कुठं? हात कसा उचलायचा, बोटांनी वाजवायचं की तळव्यानं, तेही त्याला उमगेना. शेवटी त्यानं तळवा कवाडावर ठेवला आणि दोनदा थोपटलं, लेकराला थोपटावं तसं.

"गोरख," तो म्हणाला. "कडी काढ."

आतून लगेच आवाज आला.

"कडी न्हाई घातली, दादा. लोट की."